भरतीच्या वेळी रीस्टार्ट

"वागणुकीत काहीही बदल नाही" हे वाक्य कुठेही वाचलं की माझ्या अंगावर असा काटा उभा राहतो, की त्यावर अर्ध्या गावाचे बोंबील वाळत घालावेत. तुम्ही म्हणाल, हा माणूस वाढवून सांगतोय. सांगतोच. आमच्या उरणकडच्या हवेत मीठ जास्त, ते बोलण्यातही उतरतं. पण ही गोष्ट सांगताना वरून मीठ टाकायची गरज नाही. ती घडत होती तेव्हा माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

आधी माझा धंदा सांगतो. एक छोटी कंपनी आहे, ती खाडीकाठच्या बांधांवरच्या उघाड्यांसाठी यंत्रं बनवते. उघाडी म्हणजे बांधातलं फाटक. ओहोटीला उघडायचं, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीला बंद ठेवायचं, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. पूर्वी तिथे लाकडी फळ्या असायच्या. आता आमच्या गावच्या उघाडीला लोखंडी फाटक आहे, मोटर आहे, आणि बांधावर एक पेटी आहे. पेटीत छोटासा संगणक. त्या संगणकाच्या अगदी तळघरात, म्हणजे कर्नलमध्ये, दुसऱ्याने केलेला बदल वाचायचा आणि पटला तर खाली आपलं नाव घालायचं, हे माझं काम. नाव एकदा पडलं की जन्माचं पडलं. लग्नपत्रिकेतलं नाव लोक विसरतात; हे कोणी विसरत नाही, विशेषतः काही बिघडलं की.

कंपनीत मी एकदा फुशारकी मारली होती, की उघाडी माझ्या घराच्या इतकी जवळ आहे की मी शिंकलो तर फाटक हलतं. खरं तर स्कूटरवर जावं लागतं. पण साहेबांनी ते शब्दशः घेतलं आणि तेव्हापासून कुठलाही नवा बदल, मी तो तपासत असतानाच, आधी आमच्या गावच्या पेटीवर चढवायची पद्धत पडली. काही झालंच तर मी आहेच की शेजारी!

त्या दिवशी अमावस्या होती. भाताला लोंबी धरायचे दिवस. अमावस्येचं उधाण म्हणजे आमच्याकडे भर दुपारी खाडी फुगून बांधाच्या छातीला लागते. सकाळी चहाचा कप घेऊन बसलो आणि आदल्या दिवशी आलेला पुण्याच्या सहकारिणीचा बदल वाचायला घेतला. विषय: पिन कंट्रोलरच्या ड्रायव्हरची, म्हणजे त्याला चालवणाऱ्या कोडची, साफसफाई. खाली तेच वाक्य, वागणुकीत काहीही बदल नाही.

पिन कंट्रोलर म्हणजे काय, ते आमच्या बाजूच्या भाषेत सांगतो. चिपला गोमेसारखे पाय असतात. एकेका पायाला चार-चार कामं येतात. कोणी दिवा लावेल, कोणी बटण वाचेल, कोणी मोटरचा रिले, म्हणजे विजेचा खटका, ढकलेल. संगणक जागा झाला की नाक्यावर मजूर उभे राहावेत तसे हे पाय उभे असतात आणि पिन कंट्रोलर हा मुकादम येऊन कामं वाटतो: तू इकडे, तू तिकडे, तू गप्प बस. मुकादम येईपर्यंत कोण काय करेल याचा नेम नसतो. आमच्या चिपची खोड अशी, की जागं होताना मोटरचा पाय हात वर करूनच उठतो; हात वर म्हणजे मोटर चालू. म्हणून जुन्या कोडमध्ये सगळ्यात आधी, कोणाला विचारायच्या आत, त्या पायाचा हात खाली दाबलेला होता. कोड दिसायला फार गबाळा. पण हात खाली.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"सर, बघितलंत का? नुसती साफसफाई आहे हो."

"बाई, साफसफाईतच माझ्या आईने माझी डिग्री रद्दीत घातली होती."

"तुमची डिग्री होती?"

"होती तर! सोन्याच्या अक्षरांची."

"बरं बरं," ती हसली. "मी आता चाचणीच्या खोलीत जातेय. लोखंडी खोली आहे, आत रेंज नसते. जेवायच्या सुट्टीत बाहेर आले की बोलू. तोवर तुमचं नाव पडू द्या खाली."

पोरगी हुशार आहे, हे मी तेव्हाही म्हणायचो, आताही म्हणतो. तिने सगळ्या गबाळाची सुंदर घडी घातली होती. लाल रंगात खोडलेल्या ओळी इतक्या, की पडद्यावर गुलाल उधळल्यासारखं वाटत होतं. मी वरून खाली वाचत आलो. छान. छान. फारच छान. आणि मग एका जागी माझा कप ओठाशी थांबला.

हात खाली दाबायची ओळ खाली सरकली होती.

आता क्रम असा झाला होता: मुकादम आधी कामं वाटणार, मग वीजपुरवठा तयार आहे का विचारणार, आणि मग मोटरच्या पायाला म्हणणार, हात खाली. वीजपुरवठा तयार नसेल तर मुकादम सरळ "नंतर या" म्हणून निघून जातो. कर्नलमध्ये हे चालतं. सरकारी कचेरीसारखंच आहे, साहेब जेवायला गेलेत, थोड्या वेळाने या. थोड्या वेळाने सगळं नीट होतंही. पण त्या थोड्या वेळात मोटरचा पाय हात वर करून उभा!

मी स्वतःला समजावलं. अरे, क्षणभराचा प्रश्न आहे. मग आठवलं की मोटरचा स्टार्टर क्षणभराचा नाही. त्याला एकदा ढकललं की तो धरून बसतो. फाटक पूर्ण वर जाऊन वरच्या खुणेला टेकल्याशिवाय सोडत नाही.

माझ्या टेबलावर तशीच एक पेटी असते, तिच्यात तोच रिले. मी तिच्यावर नवा बदल चढवला. वायर काढली, पुन्हा लावली, कान लावून बसलो. काही नाही. आवाज नाही, दिवा नाही. मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत दोन गिरक्या घेतल्या आणि एका गिरकीत पंख्याच्या पात्याला सलाम ठोकला. घाबरट, घाबरट, असं स्वतःलाच म्हणालो. नाव घालायला हात पुढे केला.

पण भीती ही फार चिवट बाई आहे. ती कानात म्हणाली, वायर काढून चालू केलंस, त्यात रिलेला वीज यायलाच वेळ लागतो. तोवर मुकादमाची दुसरी फेरी होऊन हात खाली गेलेला असतो. वायर न काढता रीस्टार्ट करून बघ ना.

वायर न काढता रीस्टार्ट केलं.

खट.

आयुष्यात मी बंदरात कंटेनर पडतानाचा आवाज ऐकलाय, खाडीवर वीज पडताना ऐकलीय. एवढा मोठा आवाज कधी ऐकला नाही. पुन्हा केलं. खट. आणखी एकदा. खट. घाम असा सुटला की त्यात मिठागर लावता आलं असतं. आमच्या उघाडीवर हाच बदल कालपासून चढलेला होता! काल चढवताना वीज बंद करून चालू केली, म्हणून फाटक गप्प राहिलं. पण आता तिथे रिलेला वीज होती. एक रीस्टार्ट झाला की...

आता रीस्टार्ट कोण करणार, म्हणून मी मनाला जरा टेकायला जागा दिली. आणि मग तिच्या संदेशाच्या अगदी तळाशी गेलो, जिथे चाचणीची योजना लिहिलेली असते आणि जी कोणी वाचत नाही. "फाटकावर पाण्याचा सर्वाधिक दाब असताना, म्हणजे आज दुपारच्या पूर्ण भरतीला, पेटी आपोआप रीस्टार्ट होईल."

खिडकीतून खाडीकडे बघितलं. काठच्या तिवरांच्या झाडांची फक्त टोकं दिसत होती.

तिला फोन लावला. लोखंडी खोली. साहेबांना लावला, ते विमानात. ती योजना रद्द करायचं बटण मला दिसत होतं, पण दाबता येत नव्हतं, कारण मला तिथे फक्त बघायची परवानगी आहे. मागे एकदा मी न विचारता एक सुधारणा केली होती म्हणून. तो विषय वेगळा.

आणि मग मला आत्या आठवली.

माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, आमच्याच मागच्या अंगणातल्या खोलीत राहते. भरतीच्या वेळी ती उघाडीच्या आतल्या चरात उतरते, कारण फाटक बंद असताना चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, फाटकाच्या पायाशी गोळा होतात. तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. आमच्या गावात तो शहाणपणा समजला जातो. कारण आमच्याकडे फाटक कधी आरोळीशिवाय हलत नाही. फळ्यांच्या काळापासूनची रीत आहे: राखणदार बांधावर उभा राहून आरोळी ठोकणार, चरातल्या प्रत्येकाने "ओ" द्यायची, वर यायचं, मगच फळी उचलायची. मोटर आली तरी राखणदार आधी आरोळी देतो आणि मग बटण दाबतो. गावाच्या लेखी फाटक उघडतं ते आरोळीने, मोटर नंतरची. त्यामुळे भरतीच्या वेळी, जेव्हा आरोळी होणं शक्यच नाही, तेव्हा तो चर म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित जागा. पलीकडे पुरुषभर उंच खाडी, मध्ये लोखंडाचा एक पत्रा, अलीकडे वाकलेली माझी आत्या.

स्कूटर मी चालवली नाही, ती भीतीनेच चालवली. नाक्यावर ट्रेलरची रांग लागली होती. दोन ट्रेलरच्या मधून गेलो तेव्हा आरसे घासले की माझे कान, ते मला अजून माहीत नाही. बांधावर पोचलो तर पाणी बांधाच्या काठाला चाटत होतं, आणि आतल्या बाजूला, चरात, गुडघाभर पाण्यात, आत्या. साडीचा काष्टा, कमरेला टोपली, हातात जाळं. फाटकापासून एका हाताच्या अंतरावर.

आधी पेटीकडे धावलो. पेटीत लाल बटण आहे, दाबलं की सगळं बंद. पण पेटीला कुलूप. गावातल्या एका बोकडाने पाठ खाजवता खाजवता ते दार उघडलं होतं, तेव्हापासून चावी राखणदाराकडे. आणि राखणदार भरतीच्या वेळी झोपडीत आडवा, कारण भरतीला त्याला काम काय? मी बांधावरून त्याला हाका मारल्या. मग आत्याला.

"आत्या, वर ये! फाटक उघडणार!"

तिने मान वर केली नाही. "कोन बोलला?"

"मी बोलतोय!"

"तू बोलतूस ते ऐकू येतंय. राखणदार बोलला का?"

"अगं, यंत्र बिघडलंय!"

"गेल्या हप्त्यात बोललास, खारीत कंटेनर वाहून आला नि त्यात हत्ती हाय."

"आत्या, तो विषय वेगळा!"

"हत्ती कुटं गेला मग?"

"हत्तीला घाल चुलीत! वर ये!"

"बोंबलू नको, बाला. चिंबोरी बिळात जाते."

ती वाकली आणि फाटकाच्या अगदी पायाशी हात घातला. मला त्या क्षणी कळलं की या गावात माझ्या तोंडातून खरं निघालं तरी ते ओळखायला कोणी नाही. मी चपला, फोन, सगळं बांधावर टाकून खाली उडी मारली. चिखलात मांडीपर्यंत गेलो. एक पाय काढला की दुसरा जायचा. आत्या माझ्याकडे बघून हसायला लागली.

"आता तू पण चिंबोऱ्या धरनार?"

मी तिचं मनगट धरलं. तिने दुसऱ्या हाताने माझ्या पाठीत जाळं हाणलं. "सोड! वेड लागलं का तुला? धा चिंबोऱ्या हायत टोपलीत, सांडतील..."

वर पेटीत खट झालं.

आत्याचं बोलणं तिथल्या तिथे थांबलं. ती त्या आवाजाला ओळखते. गावात सगळे ओळखतात. मोटर घुरघुरली, फाटकाच्या साखळ्या ताणल्या, आणि आमच्या पावलांशी असलेलं कोमट पाणी एकदम गार झालं. खालून यायला लागलं होतं. आधी बोटभर, मग वीतभर. नुसतं पाणी नव्हतं ते; माझ्या पोटऱ्यांना कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलत होतं. आत्या पडली. मनगट माझ्या हातात होतं तेवढंच. टोपली गेली, जाळं गेलं, माझा पाय चिखलातून सुटत नव्हता आणि पाणी तिच्या छातीला आलं. ती ओरडली नाही. तेच मला अजून सोसत नाही. आयुष्यभर बोलत आलेली बाई, तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

पाय कसा सुटला, हे मी लोकांना सात प्रकारे सांगितलंय. एका प्रकारात तर मी तिला खांद्यावर घेऊन पोहलो. खरं असं, की पाण्यानेच चिखल धुतला आणि आम्ही दोघं चराच्या कडेच्या दगडांवर जाऊन आपटलो. दगड धरून धरून वर चढलो. मी वर ओढत होतो की ती मला ढकलत होती, त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

बांधावर राखणदार आला होता, लुंगी सावरत, फाटकावरच खेकसत. "कोनी उघडलं रं? आरोळी न देता कोनी उघडलं?"

"चावी!" मी ओरडलो.

चावी त्याच्या करदोट्याला. गाठ घट्ट. गाठ काही सुटेना. शेवटी त्याने पोट पेटीला टेकवलं, कमरेतूनच चावी कुलपात घातली आणि आख्ख्या शरीराने फिरवली. मी त्याच्या काखेतून हात घालून लाल बटण दाबलं. मोटर थांबली. पाणी थांबलं नाही. मग हाताने फिरवायचं चाक तिघांनी धरलं, आत्यासकट, आणि फाटक इंचाइंचाने खाली उतरवलं. तोवर चराला लागून असलेल्या खाचरांत खारं पाणी शिरलं होतं. हिरव्यागार लोंब्या उभ्या होत्या पाण्यात, काहीच झालं नसल्यासारख्या. त्या गेल्या होत्या. फक्त त्यांना अजून कळायचं होतं. त्यातलं एक खाचर आमचं.

बांधावर टाकलेला माझा फोन वाजत होता. सहकारीण बाहेर आली होती.

"सर, बघितलंत? रीस्टार्ट झाला! माझ्याकडे सगळं हिरवं दिसतंय. एरर एकही नाही!"

"फाटक उघडलं," मी म्हणालो. "आत्या आत होती."

"सर... गंमत करताय ना?"

आत्याने माझ्या हातातला फोन घेतला. तिच्या केसांतून चिखल गळत होता.

"बाई," ती म्हणाली, "तो गंमत करत न्हाय. मी हाय ती. जिती हाय."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. आत्याने फोन मला परत दिला आणि राखणदाराला म्हणाली, "माजं जाळं बघ रं कुटं गेलं."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षण लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. हात खाली दाबायची ओळ सगळ्यात वर हवी. रीस्टार्टची चाचणी वायर न काढता करून दाखवा. भरतीच्या वेळी फाटकाच्या पेटीला कोणी हात लावू नये. आणि तपासणी संपल्याशिवाय कुठलाही बदल गावातल्या यंत्रावर चढवू नये. साहेबांनी सगळं मान्य केलं आणि आमच्या पेटीवर जुना कोड परत चढवायला लावला. खारावलेल्या खाचरांची भरपाई कंपनी देणार, असंही ठरलं. पण जमीन काही भरपाई वाचून गोडी होत नाही.

सहकारिणीने बदल पुन्हा लिहून पाठवला. या वेळी "वागणुकीत काहीही बदल नाही" हे वाक्य नव्हतं. त्याच्या जागी, कोणता पाय कधी काय करतो, ते लहान मुलाला सांगावं तसं लिहिलं होतं. मी ओळ न् ओळ वाचली. टेबलावरची पेटी इतक्या वेळा रीस्टार्ट केली की तिला चक्कर आली असेल. एकदाही खट झालं नाही. बदल बरोबर होता. मला माहीत होतं की बरोबर आहे. नाव घालायला बोट पुढे केलं, आणि ते पुढे जाईना.

उठून मागच्या अंगणात गेलो. आत्या नव्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या बांधत बसली होती.

"काय बगतूस?"

"काही नाही. आज चरात जाणार आहेस?"

"मग? घरात बसून काय तुजं थोबाड बगू? पानी चढायला लागलंय."

"आज नको जाऊस."

"का? फाटक नीट केलंत ना तुमी?"

"केलंय."

"झालं तर मग," ती म्हणाली, आणि जाळं खांद्यावर टाकून निघाली.

मी परत येऊन पडद्यासमोर बसलो. माझं नाव पडल्याशिवाय तो बदल कुठल्याच फाटकावर जाणार नव्हता. पुण्याहून दोनदा विचारणा झाली, सर, काही राहिलंय का? मी लिहिलं, वाचतोय. वाचत काहीच नव्हतो. खिडकीतून तिवरांची टोकं बुडताना बघत होतो आणि कान बांधाकडे लावून बसलो होतो, इतक्या लांबून काही ऐकू येत नाही हे माहीत असून. खाडी उतरायला लागली, तिवरं पुन्हा खांद्यापर्यंत वर आली, आणि अंगणात टोपली आपटल्याचा आवाज झाला. आत्या कोणावर तरी ओरडत होती, बहुधा मांजरावर.

मग मी नाव घातलं. तो बदल आता आमच्या बाजूच्या सगळ्या उघाड्यांवर आहे. आत्या अजूनही भरतीला चरात उतरते. ती परत येईपर्यंत मी जेवत नाही. घरच्यांना सांगितलंय, आम्लपित्त आहे.